ओहोटीची वेळ

बर्बीसच्या किनाऱ्यावर समुद्र निळा नसतो.
चहात दूध जास्त पडावं तसा दिसतो,
आणि भरतीला गावापेक्षा उंच.
मधे मातीचा बांध,
बांधात एक लाकडी झडप,
झडपेला साखळी, साखळीला चाक,
चाकाला झगरू सुग्रिम.

कोकर म्हणतात आमच्याकडे त्या झडपेला.
भरती आली की पाडायची,
ओहोटी लागली की उचलायची,
मग भाताचं, परसांतलं, मोऱ्यांतलं साचलेलं
निघून जातं समुद्रात.
एवढंच काम.
फक्त ओहोटी रोज पन्नास मिनिटं उशिरा येते,
त्यामुळे झोप कुठल्या प्रहरी मिळेल
हे झगरूला चंद्राला विचारावं लागतं.

मी गावच्या कौन्सिलातला कारकून.
त्याचा पगार सहा-सहा महिने उशिरा
नेऊन देणारा तो मीच.

दारात त्याच्या बांबूवर लाल झेंडी.
वर्षाला एक नवी, मंगळवार बघून.
गूळ घालून रोट तळतो,
पणज्यानं जहाजातून आणलेलं स्तोत्र म्हणतो.
अर्थ विचारू नका.
भाषा खाऱ्या पाण्यात कधीच विरघळली,
चाल तेवढी तरंगत राहिली.

एकदा विचारलं,
मारुतीचं कुठलं काम सगळ्यात मोठं रे?
समुद्र ओलांडला, ते?

साखळीला ग्रीस चोपडत म्हणाला,
"उडी काय, एकदाच मारायची असते.
मला तो डोंगर आवडतो.
मुळी ओळखता येईना,
तर खाली येऊन कुणाला विचारत बसला नाही.
उचललं सगळंच.
तणासकट, दगडधोंड्यांसकट,
झोपलेल्या पाखरांसकट.
माझंही तसंच.
या भोकातून जातंय ते पाणी
फ्रेझर मास्तरांच्या अंगणातलं, की मशिदीमागचं,
की त्या दीनदयालचं, ज्यानं माझं कुंपण हातभर आत ढकललं,
अंधारात मला काय कळणार?
उचलतो."

मग ती रात्र.
चार दिवस धो धो पडून नुकता थांबलेला.
पार्बती, त्याची एकुलती एक,
दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला असणार होती नवऱ्याच्या घरी.
गाडी तीनला येणार.
ओहोटी दोन चाळीसला.

सुगी असती तर थांबला असता कदाचित,
पण रोपं कोवळी होती, गळ्यापर्यंत बुडालेली.
दोनला उठला तो. लग्नातला पांढरा सदरा अंगात,
बाही कोपरापर्यंत सारली,
पोरीच्या डोक्यावर हात ठेवला,
हातावरचं ग्रीस तिच्या केसांना लागलं असणार,
आणि सायकल काढली.

मी होतो तिथे, बांधावर, छत्री घेऊन, उगाच.
चाक मला फिरवता येत होतं.
लहानपणी शंभरदा फिरवलंय.
म्हणालो नाही.
का म्हणालो नाही, हे अजून सांगता येत नाही.

झडप वर गेली, कण्हत.
काळं पाणी घुमलं, आणि धावलं.
कुणाची तरी चप्पल गेली, एक मेलेलं बदक, केळीचा खुंट.
लांब रस्त्यावरून दोन दिवे सरकत गेले.
त्यानं बघितलं असेल. मान वर झाली होती.
हात चाकावरच.

सकाळी गावाची अंगणं कोरडी होती.
कुणी म्हणालं, बरं झालं, पाऊस थांबला.
दीनदयालनं मिरच्या वाळत घातल्या.

आता पार्बतीचा फोन येतो.
सोमवारी आला तर रात्री नऊला,
मंगळवारी नऊ पन्नासला,
बुधवारी अकराला वीस मिनिटं कमी.
तिचा नवरा म्हणे चिडतो,
ही कसली वेळ पाळायची रीत?

झगरू झडप पाडतो,
बांधावर बसतो, पाय पुसतो,
आणि खिशातला फोन वाजतो.